अण्णांची शिफारस

बिझनेस स्कूलच्या अर्जाला दोन शिफारसी लागत होत्या. पहिली पूर्णिमानं लगेच ठरवली. जोयड्याच्या महिला संघाच्या शांतीमावशी. संघाच्या कोकम-मधाची विक्री तिनं दोन वर्षं सांभाळली होती. दुसरी शिफारस मात्र वरिष्ठांची हवी होती; अगदीच नसेल तर शिक्षकांची चालणार होती. वरिष्ठ म्हणजे ती आता व्यवस्थापक होती त्या गणेशगुडीच्या राफ्टिंग कॅम्पचे मालक शिवानंदअण्णा, आणि तिथंच घोडं अडलं.

मागच्या वर्षी हुबळीहून तीस जणांची सहल आली होती. सकाळी धरणातून जादा पाणी सुटल्याचा निरोप आला. तरी अण्णा म्हणाले, बोटी सोडा. पूर्णिमानं सगळ्यांसमोर नकार दिला आणि सहल परत पाठवली. पुढं आठ दिवस अण्णा तिच्याशी बोलले नाहीत. तो विषय मग कधी निघालाच नाही.

तरी तिनं धीर करून विचारलं.

"लिवतो की," अण्णा म्हणाले. "शेवटची तारीख कवा?"

"वीस."

इतक्या पटकन हो म्हणाले, हेच तिला खटकलं. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा तारीख विचारली. तिसऱ्यांदा विचारली तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तारीख चुकवायचीच असेल तर माणूस अशीच पक्की करून ठेवील.

सोळा तारखेला मुख्य गाइड गुणा ओली जॅकेटं दोरीवर टाकता टाकता म्हणाला, "अक्का, अण्णा तुझी चौकशी करत हुते. त्या पाण्याच्या दिवशी तू काय बोललीस, किती वाजता बोललीस. समदं वहीत लिवून घेतलं."

 तिनं लगेच शिफारशीसाठी दांडेलीला कॉलेजच्या वासू सरांना फोन लावला.

"हो हो, तूच मजकूर पाठव, मी सही करतो," सर खुशीत म्हणाले. "तू श्वेता ना? कुठली बॅच?"

तिनं स्वतःच्या कौतुकाच्या चार ओळी लिहून पाहिल्या. कुणाच्याही नावावर खपल्या असत्या. तिनं त्या पुसल्या.

अठराला अर्जाच्या संकेतस्थळावर अण्णांच्या नावापुढं अजून 'शिफारस आलेली नाही' असंच होतं. ती सरळ त्यांच्या खोलीत गेली.

"अण्णा, पाठवायचं नसलं तर सांगा. मी दुसरं कोण बघते."

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लिवून हाय. पाठवलं न्हाई."

"का?"

"तू गेलीस तर हितं कोण बघनार? बटणच दाबवत न्हवतं." त्यांनी लॅपटॉप तिच्याकडं वळवला. "वाच. मग ठरीव."

एक नजर टाकली असती तर सगळा संशय फिटला असता. पण तिनं मान खिडकीकडं वळवली. "शिफारस वाचणार न्हाई म्हणून मी अर्जात लिहून दिलंय."

"म्हंजे माझ्यावर इश्वास हाय?"

"न्हाई," तिनं खरं तेच सांगितलं. "पण माझं काम तुमच्याइतकं कुणी बघितलेलं न्हाई. पाठवा."

कॅम्पवर नेटवर्क गेलं होतं. दोघं जीपनं जोयड्याला गेले. बसस्टँडसमोर गाडी थांबवून अण्णांनी बटण दाबलं.  परतताना त्या वहीत काय आहे, हे मात्र तिच्या डोक्यातून काही केल्या जाईना.

फेब्रुवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं. बेंगळुरूला समोर बसलेल्या बाईंनी कागद उलटला. "तुमच्या मालकांनी लिहिलंय, तुम्ही त्यांचा हुकूम सगळ्यांसमोर मोडलात. काय झालं होतं?"

शेवटी केलंच त्यांनी, असं तिला वाटलं.  तरी तिनं काहीच लपवलं नाही. निरोप किती वाजता आला, पाणी कुठवर चढलं होतं, बोटीत किती जण बसणार होते, सगळं सांगितलं.

"नंतर मालक तुम्हाला काही बोलले?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"इथं बोललेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वाचून दाखवलं. "ती बरोबर होती, मी चुकलो होतो. तिच्या तोंडावर हे कबूल करायला मला जमलं नाही."

बाईंना पुढचा प्रश्न पूर्णिमाला दोनदा विचारावा लागला.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला. निघायच्या आधी तिनं तिच्या जागी आलेल्या राखीला सगळं काम शिकवलं. पाणी वाढलं तर बोटी थांबवायचा अधिकार राखीचा, हे अण्णांनी स्वतःच्या हातानं कॅम्पच्या फळ्यावर लिहिलं. पूर्णिमानं ते दोनदा वाचून खात्री करून घेतली.