शोकसभेतली बातमी

वेणीला वेणी नव्हती. कॉलेजात आली तेव्हा कमरेपर्यंत होती, म्हणून मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिचं खुणेचं नाव ठेवलं. खांद्यावरून मूठ खाली ओढत आणायची, झाली वेणी. पुढे तिने केस कानाबरोबर कापले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कर्णबधिर मुलांच्या त्या कॉलेजात कागदावरच्या नावाला फारसं कुणी विचारत नसे. नाव हातावर बसलं की ते जन्माचं.

दर शुक्रवारी दुपारी जेवणाच्या हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर कॉलेजच्या बातम्या लागायच्या. त्या वेणी सांगायची, खुणांच्या भाषेत. कोणता सामना कोण जिंकलं, नाटकाची तालीम कुठे, कुणाला नोकरी लागली, कुणाची छत्री सापडली. जेवणारी मुलं घास हातात धरून बघत बसायची, कारण दोन्ही हात खाण्यात गुंतले तर शेजाऱ्याशी त्यावर बोलायचं कशाने?

कॅमेऱ्यामागे असायचा खळी. त्याच्या एकाच गालाला खळी पडे. गालात बोट रुतवून फिरवलं की त्याचं नाव झालं. तो चित्रण करायचा, कापाकापी करायचा आणि शेवटी वेणीच्या सगळ्या चुका एकत्र जोडून दाखवायचा. एकदा ती 'प्राचार्य' म्हणायला गेली आणि घाईत बोटं अशी पडली की 'भोपळा' झाला. हॉलभर टेबलं बडवली गेली. त्या दिवसापासून प्राचार्य मुलांमध्ये भोपळाच राहिले, आणि त्यांना खुणा बऱ्यापैकी येत असल्यामुळे त्यांची चेष्टा करायची तर त्यांच्याकडे पाठ करूनच करावी लागे.

सुट्टीत मुलांच्या हॉस्टेलला नवा रंग लागला. प्रत्येक खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर एक लाल दिवा होता. आगीची घंटा झाली की तो दिवा असा लखलखायचा की मिटल्या पापण्यांतूनही माणूस जागा व्हावा. रंगाऱ्यांनी ते दिवे काढून खोक्यात भरले आणि रंग वाळला तरी परत बसवलेच नाहीत. भिंतींवर नुसत्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरी लोंबत राहिल्या.

खळीने त्या वायरींचं चित्रण केलं. वेणीने कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "आग लागली तर आम्हाला कळणार कसं?" बातमी चांगली झाली होती. पण प्रसारणाआधी प्राचार्य सगळं एकदा बघत. त्यांनी बघितलं आणि वेणीला ऑफिसात बोलावलं.

"पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी समिती येतेय," ते म्हणाले. त्यांच्या खुणा जरा जाड्याभरड्या, पण समजायच्या. "दिवे बसणारच आहेत. मी मागे लागलोय. समिती जाऊ दे, मग खुशाल दाखव."

"बरं सर," वेणी म्हणाली.

खळीला हे सांगितलं तेव्हा तो भडकला. "बरं? तू बरं म्हणालीस?"

"एका आठवड्याचा तर प्रश्न आहे. एवढं काय डोक्यावर घेतोस?"

"तुझ्या खोलीत दिवा आहे ना, म्हणून." मुलींच्या हॉस्टेलला अजून रंग लागायचा होता.

 दिव्यांच्या जागी बागेतल्या नव्या बाकांची बातमी गेली, आणि खळीने त्या आठवड्यात तिच्या चुका जोडल्या नाहीत.

रविवारी दुपारी फुटबॉलचा सामना होता. ऐकू येणाऱ्या मुलांच्या कॉलेजविरुद्ध, त्यामुळे झाडून सगळं हॉस्टेल मैदानावर लोटलं. खळीला ताप होता. त्याने कॅमेरा वेणीच्या हातात दिला. राग थोडा निवळला होता. "नीट धर. मागच्या वेळी अर्धा सामना नुसतं गवत होतं," तो म्हणाला आणि खोलीत जाऊन झोपला. मध्यंतराला तिने त्याला मोबाइलवर गोल कळवले. उत्तर आलं नाही. झोपला असेल, असं तिला वाटलं. ते खरंच होतं.

हॉस्टेलच्या जिन्याखालच्या कोठारात जुन्या गाद्या रचून ठेवल्या होत्या. त्यांनी पेट घेतला. घंटा वाजली, अगदी व्यवस्थित वाजली. रस्त्यापलीकडच्या दुकानदारांनीसुद्धा ती ऐकली. पहारेकरी धावत आला. स्वयंपाकी आला. जिना धुराने भरला होता, म्हणून दोघं खळीच्या खिडकीखाली उभे राहून त्याला हाका मारत राहिले. गळा फुटेस्तोवर हाका मारल्या त्यांनी. आपण काय करतोय हे स्वयंपाक्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने दगड उचलून काच फोडली, पण पडदा लावलेला होता आणि खळी भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मैदानावर धूर आधी गोलरक्षकाला दिसला. शिडी येऊन खिडकीतून आत शिरेपर्यंत सगळं संपलं होतं. आग खोलीपर्यंत पोचलीही नव्हती. त्याला धुरानेच नेलं.

त्या शुक्रवारी बातम्या लागायच्या नव्हत्या. त्याऐवजी सभागृहात शोकसभा ठेवली. सकाळी प्राचार्यांनी वेणीला बोलावलं. तिथे ताई आधीच बसली होती. ताई कॉलेजची दुभाषी. तिला ऐकू येत असे, पण तिचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे ती बोलायच्या आधी खुणा शिकली होती. मुलं तिला आपल्यातलीच धरत. तिच्या हातांकडे बघताना ती ऐकणारी आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नसे.

"मुलांना तुझीच सवय आहे, तेव्हा श्रद्धांजली तूच वाहा," प्राचार्य म्हणाले. त्यांचे डोळे सुजले होते, झोप नसावी. त्यांनी तिला एक छापील कागद दिला. तसाच दुसरा ताईच्या हातात होता. "ताई बाजूला माइकवर बोलेल. पाहुण्यांना आणि त्याच्या घरच्यांना खुणा कळत नाहीत. आणि हे बघ, दिव्यांचा विषय त्या बाईंसमोर नको. पोर गेलंय त्यांचं. आणखी जिवाला घोर कशाला?"

कागदावर लिहिलं होतं की तो गुणी होता, अपघात अचानक घडला, सर्वांनी शर्थीचे प्रयत्न केले. वेणीने मान हलवली आणि कागदाची घडी केली. ताईने तिच्याकडे बघितलं नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. मंचावर खळीचा मोठा फोटो होता. फोटोत तो हसत नव्हता, त्यामुळे खळी दिसतच नव्हती. कुणीतरी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता. पहिल्या रांगेत त्याची आई आणि मामा. आई लहानखुरी बाई, शिलाईकाम करणारी. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ती फोटोकडे बघत नव्हती, समोरच्या मंचाच्या फळ्यांकडे बघत होती.

वेणी मंचावर गेली. उजेड डोळ्यांवर येत होता. तिने हात वर केले आणि कागद काही आठवेना. आठवत होत्या त्या लोंबणाऱ्या वायरी.

"त्याच्या खोलीत दिवा नव्हता," ती म्हणाली. "मुलांच्या हॉस्टेलात कुणाच्याच खोलीत नव्हता. घंटा वाजली. दुकानदारांनी ऐकली. ज्याच्यासाठी वाजली त्याला सोडून सगळ्यांनी ऐकली."

सभागृह ताठ झालं. मागच्या मुलांनी जमिनीवर पाय आपटायला सुरुवात केली, आणि तो दणका फळ्यांमधून तिच्या तळपायांत शिरला. ती बोलत राहिली. आम्ही ही बातमी केली होती. खळीने चित्रण केलं होतं. ती दाखवू दिली नाही.  मुलं उभी राहिली. पाहुण्यांच्या रांगेशेजारी उभे असलेले प्राचार्य पांढरेफटक पडले होते.

तेवढ्यात तिची नजर आईवर गेली.

आई मान डोलावत होती. हळूहळू, जड मानेने, कुणी सांत्वन करताना माणूस डोलावतो तशी. मामाने रुमाल डोळ्यांना लावला आणि प्राचार्यांकडे बघून आभाराची मान झुकवली.

 तिने हात थांबवले. दोन्ही हात खाली सोडले आणि वळून बघितलं.

ताईचे ओठ हलत होते. तिचे डोळे कागदावर होते, आणि वेणीचे हात थांबलेले असताना तिचे ओठ चालूच होते.

ते आधी पुढच्या मुलांना दिसलं, मग सगळ्यांना. पाय आपटणं थांबलं. ताईने मान वर केली, आणि वेणीशी नजरानजर होताच तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

वेणी मंचावरून उतरली आणि थेट आईसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. खुणा कळत नसल्या तरी घरात बहिरं पोर वाढवलेल्या बाईला हातवारे कळतात. तिने गालाखाली तळवा धरून झोप दाखवली. भिंत दाखवली. भिंतीवर दिवा, बोटं उघडझाप करत. मग तो दिवा उपटून काढला. धूर. पुन्हा झोप.

आईने चष्मा चढवला. "दिवा? कसला दिवा?" ती म्हणाली, आणि ओठांवरून वेणीला ते वाचता आलं. आई ताईकडे वळली. "ही काय म्हणतेय? तुम्ही सांगा."

मामाने तिचा दंड धरला. प्राचार्य पुढे आले. पण ताई मंचावरून खाली आली, माइक न घेताच, आणि तिने सांगितलं. या वेळी तिचे ओठ आणि हात एकदमच हलत होते, म्हणजे वेणीलाही कळावं ती काय सांगतेय. तिने काही गाळलं नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिवा असता तर तो उठला असता?"

ताईने प्रश्न हातांनी वेणीसमोर ठेवला. वेणीला पहिल्यांदाच वाटलं, प्राचार्यांचं एक म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. या उत्तराने या बाईचं आयुष्यभर काय होणार, ते तिला दिसत होतं.

"हो," ती म्हणाली.

"आणि हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग तू सांगितलं का नाहीस?"



त्यानंतर एकेक गोष्ट होत गेली. दिवे तातडीने बसवले, प्रत्येक खोलीत, नवेकोरे. शुक्रवारच्या बातम्या पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवल्या. ती सूचना काही आली नाही. प्राचार्य रजेवर गेले. ताईने नोकरी सोडली. जाताना ती हॉस्टेलच्या फाटकापाशी वेणीला भेटली. "माझ्या आईला आता कसं तोंड दाखवू?" एवढंच म्हणाली. वेणीला तिला माफ करावंसं वाटलं नाही आणि शिव्याही द्याव्याशा वाटल्या नाहीत.

खळीच्या आईने तक्रार दिली. मामाचा विरोध होता. त्याचं म्हणणं, गेलेलं पोर काही परत येत नाही, उगाच मोठ्यांशी वैर कशाला? पण ती बधली नाही. चौकशी लागली आणि वेणीला जबाबासाठी बोलावलं.

चौकशी अधिकाऱ्याच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या आणि करकरणारा पंखा होता. पंखा करकरतो हे वेणीला अधिकाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळलं. दुभाषी म्हणून तिथे ताईच बसली होती. दुसरं कुणी मिळालंच नव्हतं.

वेणी दारातच थांबली. "हिच्यासमोर नाही बोलणार," ती म्हणाली. आणि ते अधिकाऱ्याला सांगायलाही ताईच लागली. ताईने सांगितलं, जसंच्या तसं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई म्हणाली, "तीच असू दे. मी समोर बसलेय."

"कॅमेरा लावू दे," वेणी म्हणाली. "नंतर कुणालाही तपासता येईल."

"लाव," ताई म्हणाली. "मलाही तेच हवंय."

जबाब बराच वेळ चालला. अधिकाऱ्याने विचारलं, बातमी कुणी काढायला लावली. वेणीने सांगितलं. तुम्ही विरोध केला का? इथे थांबता आलं असतं. 'आमचं काय चालणार' म्हणून सुटता आलं असतं. तिने सुटका करून घेतली नाही. "मी बरं सर म्हणाले," ती म्हणाली. "माझ्या खोलीत दिवा होता."

ताईने ते मोठ्याने सांगितलं. आईची मान हलली नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात मामा बसच्या घाईत होता. आई मात्र वेणीपाशी थांबली आणि ताईला तिने खुणेने जवळ बोलावलं.

"तू बरं म्हणालीस तेव्हा तो काय म्हणाला?"

"भांडला माझ्याशी. खूप चिडला होता."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. "भांडायचा तो," ती म्हणाली. "माझ्याशीसुद्धा. हात असे जोरजोरात हलवायचा. मी आपली 'जेवायला चल' म्हणायचे." तिने वेणीच्या हातांकडे बघितलं. "कशावरून भांडतोय, ते मला कधी कळलंच नाही."

ताईने ते वेणीला सांगितलं. शेवटच्या वाक्याला तिचे हात अडखळले, पण तिने ते पुरं केलं.

मामाने लांबून हाक मारली. आई पायऱ्या उतरून गेली.

चौकशीचा अहवाल अजून आलेला नाही. रंगकामाच्या ठेकेदाराला नोटीस गेली आहे आणि प्राचार्य रजेवरून परत आले आहेत. ते आता वेणीशी खुणांनी नाही, कागदावर लिहून बोलतात.