रुबीनाच्या मीटरची चकती

रुबीनाच्या खोलीतलं सगळं बंद होतं. इस्त्री बंद, पंखा बंद, बल्बसुद्धा काढून ठेवलेला. तरी जिन्याखाली तिच्या पोटमीटरची चकती घाण्याच्या बैलासारखी आपली फिरतच होती.

घरमालकीण वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाह्य. मीटर खोटं बोलत नाही. कुठी लपवली शेगडी?"

"काकू, शेगडी लपवायले जागा कुठी हाय? पोरीच एकमेकीच्या मांडीवर बसते."

आर्णीतल्या त्या इमारतीच्या माडीवर रुबीना मुलींना शिवण शिकवायची. बाईंच्या भावाचा कापूस इमारतीत भरल्यापासून तिचं मीटर पिसाळलं होतं. संक्रांतीपर्यंत उलगडा झाला नाही तर खोली खाली कर, असं बाईंनी बजावलं होतं. दुसरी खोली मिळालीही असती. पण मुलींचे बाप त्यांना पाठवत होते ते वच्छलाबाईंच्या धाकाच्या भरवशावर. दुसरीकडे वर्ग चाललाच नसता.

म्हणून तिनं आज पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या गुलाम नबी चाचांना बोलावलं होतं. चाचांनी तोंडात सुपारी टाकली, मीटरपुढच्या तारा निरखल्या आणि हसले.

"बेटी, तुझ्या मीटरमधून दोन वायरी निघून राह्यल्या. एक तुझी. दुसरी कोणाच्या मायघरी जाते?"

दुसरी तार भिंतीच्या कडेनं माडीवर चढली आणि रुबीनाच्या शेजारच्या कुलूपबंद खोलीत शिरली. पूर्वी ही एकच मोठी खोली होती. मधे भिंत घातली, तारा मात्र वेगळ्या करायच्या राहून गेल्या. आता तिथं वच्छलाबाईंच्या भावाचा, रामरावांचा कापूस होता. भाव पडलेला, खरेदी बंद. सगळ्या गावानं कापूस घरातच भरला होता.

बाईंनी कुलूप काढलं. दार उघडलं तसा कापसाचा एक पुंजका उडत येऊन चाचांच्या दाढीवर बसला. छातीएवढ्या ढिगावर छताचा पंखा गरागरा फिरत होता. खालच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीत त्याचा आवाज कधी कोणाला आलाच नव्हता.

"तरीच!" रुबीना म्हणाली. "फटीतून उडून येनारा कापूस मी रोज ब्लाउजवरून वेचून राह्यली, आन् पोरींनाच रागावून राह्यली."

"रामरावचंच काम," बाई म्हणाल्या. "त्याले अक्कल नाही." पदरानं कपाळ पुसता पुसता त्यांना ती दुपार आठवली.

कापूस भरला त्या दुपारी लाईन गेलेली होती. गडी गाठोडी ओतत होते, बाईंना घामानं नको झालं होतं. त्यांनी भिंतीवरची सगळी बटनं खालीवर केली, वीज मंडळाच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि बाहेर आल्या. मग बटनांवर कापूस चढला, दाराला कुलूप लागलं आणि सावकाशीनं लाईन आली.

"काय झालं, काकू?" रुबीनानं विचारलं.

"मीच दाबलं वं ते बटन," बाई पुटपुटल्या.

चाचा ती तार तोडायला पक्कड घेऊन जिन्याखाली उतरले, पण तोवर वर्गातल्या मुली ओढण्या खोचून कापसात घुसल्या होत्या. कोणी पोहत होतं, कोणी बुडत होतं. शेवटी मुस्कान भिंतीपाशी कोपरापर्यंत हात घालून ओरडली, "सापडलं!" पंखा मंदावला. चाचांनी जिन्याखालून हाळी दिली, "चकती थांबली रे!"

संध्याकाळी रुबीना मशिनीवर बसली होती. वच्छलाबाई ओंजळभर नव्हे, पदरभर कापूस घेऊन आल्या आणि तिच्यापुढं ओतला.

"याची गादी शिव. तुह्या खुर्चीवर टाकाले. अजून लय वर्षं बसाचं हाय तुले इथं."

रुबीनानं कापूस चाचपला. "काकू, यात सरकी हाय. टोचन ना."

"टोचू दे," बाई दारातून म्हणाल्या. "मी काय काय बोलली, त्याची याद राहीन."

"मग तुमच्या खुर्चीवर टाकतो," रुबीना म्हणाली, आणि मुली अशा हसल्या की खालच्या गिरणीवाल्यानं वर पाहिलं.