माझ्याकडे पाठ फिरवणारी ड्रायव्हर

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, आणि नाटकाचा तर नव्हेच. नगरपालिकेच्या सभागृहात, समोरच्या भिंतीवर, छताजवळच्या नळकांड्यात गुंडाळून राहणारा पांढरा पडदा. दोरी ओढली की मी खाली येतो आणि माझ्यावर उजेडाची चित्रं उमटतात. लोक त्यांना स्लाइड म्हणतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. जाड कापडाला पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले, कडेने काळी पट्टी शिवली, पोटात स्प्रिंग बसवली. तपासणाऱ्या बाईने मला उन्हात धरलं आणि म्हणाली, "एक डाग नाही. जाशील तिथे नाव काढशील." नाव कसलं काढतोय! पडद्याने दुसऱ्याची चित्रं दाखवायची आणि आपण दिसायचं नाही, हेच तर त्याचं काम.

पण भिंतीला टेकून इतकी वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट कळली. बोलणारा चांगला असला की मला त्याची पाठ दिसते. वाईट असला की तोंड दिसतं. किती तोंडं पाहिली म्हणून सांगू! मोठमोठे साहेब, इंजिनिअर, डॉक्टर. सगळे माझ्याकडे बघत माझ्यावरचंच मला वाचून दाखवायचे. अहो, माझ्या अंगावरच लिहिलेलं ते, मला कशाला सांगता? मागे खुर्च्यांत जांभयांना ऊत यायचा.

मग एका दुपारी ती आली. चौदा नंबरच्या बसची ड्रायव्हर. सभागृह झाडणाऱ्या ताई तिच्या थोरल्या नणंद. दुसऱ्या दिवशी तिला वाहतूक समितीसमोर बोलायचं होतं, म्हणून ताईंनी कुलूप उघडून तिला सरावाला आत घेतलं.

काम जिवाचं होतं. तिच्या मार्गावर चष्म्याच्या दुकानापाशी रस्ता एकदम वळतो, आणि वळण संपतं तिथेच बसचा थांबा. बस वळेपर्यंत तिथली माणसं दिसतच नाहीत. सहा महिन्यांपूर्वी एक आजोबा फुटपाथवरून खाली उतरून उभे होते. काठी चाकाखाली गेली. आजोबा वाचले, ते हातभर अंतराने. तेव्हापासून वळण जवळ आलं की ड्रायव्हर आधीच हॉर्न वाजवू लागायची. थांबा चाळीस पावलं पुढे न्या, असा अर्ज तिने दोनदा केला होता. दोन्हीदा नामंजूर. तिसऱ्या खेपेला समितीने दहा मिनिटं दिली होती.

लेकीने बावीस स्लाइड करून दिल्या होत्या. अक्षरं कोपऱ्याकोपऱ्यातून उड्या मारत यायची. ड्रायव्हर माझ्यासमोर उभी राहिली, नजर माझ्यावर खिळवली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. ताई शेवटच्या रांगेत फडक्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"अगं, कुणाशी बोलतेयस?"

"तुमच्याशीच की, ताई."

"माझ्याकडे तर तुझा अंबाडा आहे."

"सवयच आहे ना! वीस वर्षं मागच्या माणसांशीच बोलतेय. दार सोडा, आत सरका, लेकराला धरा. समोर काच नि मागे माणसं."

मला हसूच आलं. बाईने मला बसची काच समजलं होतं!

ताई फडकं खांद्यावर टाकून पुढे आल्या. "गाडी चालवताना आरशात बघतेस?"

"बघते की."

"किती वेळ?"

"हे एवढंच. नजर टाकायची आणि परत रस्त्यावर."

"मग हा पडदा तुझा आरसा. रस्ता तिकडे आहे, खुर्च्यांत. आरशातच बघत बसलीस तर ठोकशील की कुणाला तरी!"

मित्रांनो, मी एवढा थोरला पडदा, आणि मला चिमुकला आरसा म्हणायचं! पण बोलणं खरं होतं, म्हणून गिळलं.

ड्रायव्हर वळली. वळल्याबरोबर तो खणखणीत आवाज पुटपुटण्यावर आला. रिकाम्या खुर्च्यांनीसुद्धा माणूस घाबरतो, हे मी पूर्वीही पाहिलं आहे. ताई परत शेवटच्या रांगेत गेल्या. ऐकू आलं नाही की त्या फडकं वर करायच्या. पहिल्या खेपेला फडकं खाली आलंच नाही. नंतर सहा वेळा वर गेलं. मग दोनदा. मग ताईंच्या मांडीवरच राहिलं.

"आता स्लाइड कमी कर. बावीस थांबे घेत कोण जातं?"

"लेक रागवेल, ताई. दोन रात्री जागलीय."

"तिला मी बघते. आत्या आहे मी तिची."

तीनच राहिल्या. शेवटी ताईंनी विचारलं, "वळल्यावर थांबा दिसला, की तुझ्या हातात किती वेळ असतो?"

"चार सेकंद."

"चार म्हणजे किती गं? आकड्याने मला काही कळत नाही."

ड्रायव्हर बोटांवर चार मोजून पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. पाच जण. अध्यक्ष कागदात डोकं घालून पेनाचं टोपण चावत होते. ड्रायव्हर गणवेशातच आली. पहिली स्लाइड, तिच्या सीटवरून दिसणारं वळण. दुसरी, मोडलेली काठी. दोन्हींकडे तिने आरशात टाकावी तेवढीच नजर टाकली आणि परत समोर बघितलं. मग तिने एक बटण दाबलं आणि मी काळा झालो. भर सभेत मला कुणी मुद्दाम विझवल्याची ही पहिलीच वेळ!

"थांबा दिसला की माझ्या हातात एवढा वेळ असतो," ती म्हणाली आणि गप्प झाली.

पंख्याची घरघर ऐकू आली. एक खुर्ची करकरली. मला वाटलं, झालं, बाई विसरली.

"संपला," ती म्हणाली. "एवढ्यात मी बघायचं, ब्रेक दाबायचा आणि गाडी थांबायला हवी. आजोबांच्या वेळी काठीएवढं कमी पडलं."

अध्यक्षांनी मान वर केली. "परत एकदा करा बघू." त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. या वेळी पाचही जण गप्प होते. चार सेकंद गेले.

"फारच कमी आहे हो हा वेळ. हे अर्जात लिहायचं नाही का?"

"लिहिलं होतं साहेब. दोन्हीदा."

अध्यक्ष ओशाळले. "मग वाचलंही असेल आम्ही. पण कळलं आज."

तिसऱ्या स्लाइडवर नकाशा होता आणि त्यात चाळीस पावलं. त्यावर फारसं बोलावंच लागलं नाही. सोमवारी थांब्याचा खांब हलवायचा, असं ठरलं. आणि तो हलला. ताईंनी स्वतः पावलं मोजली, बेचाळीस भरली.

समितीला तिचा शांत चेहरा दिसला. मला तिची पाठ दिसत होती. शर्टावर सीटच्या सुरकुत्या होत्या. पाठीमागे एका हाताच्या मुठीत ताईंचं फडकं होतं, पार पिळून दोरीसारखं झालेलं, आणि ती मूठ शेवटपर्यंत थरथरत होती. सगळी भीती तिने माझ्याकडे ठेवायला दिली होती.

आता सभागृहात भला मोठा टीव्ही आला आहे. माझ्या काळ्या पट्टीचा टाका उसवलाय, एका कोपऱ्यात चहाचा डागही आहे. पण ताईंच्या ओळखीने अजून कोणी ना कोणी सरावाला येतं. सुरुवातीला मला त्यांचं तोंड दिसतं. जाताना पाठ दिसली की मी समाधानाने स्वतःला गुंडाळून घेतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला टाचण्या टोचू नका. कोरड्या फडक्याने पुसा. दोरी मध्येच सोडू नका, स्प्रिंगला हिसका बसतो. आणि बोलायला उभे राहाल तेव्हा आमच्याकडे खुशाल पाठ फिरवा, माणसांकडे बघा. मागचे थरथरणारे हात आम्ही सांभाळतो.