पंधरा मिनिटं मागे

शुक्रवारी दुपारी तीन वाजता एकच नाटक दोन ठिकाणी सुरू झालं. एक नाट्यगृहात, तिकीट काढून आलेल्या साडेतीनशे माणसांसमोर. दुसरं तिथून दहा मिनिटांच्या वाटेवर, एका स्टुडिओच्या तळघरात, बावीस माणसांसमोर, पडद्यावर. हा त्या नाटकावरून काढलेला चित्रपट. दिग्दर्शकानं मूळ शोकांतिकेतला एक शब्द गाळला नव्हता, एक विराम आखूड केला नव्हता. फरक एवढाच की चित्रपटाला मध्यंतर नव्हतं. नाट्यगृहात ते दुसऱ्या अंकानंतर असायचं, पंधरा मिनिटांचं.

नाटकाचं सामान सांभाळणारे प्रॉपर्टीवाले काका तळघरात तिसऱ्या रांगेत बसले होते. चित्रीकरणाला पलंग, पेले, उंच पाठीची खुर्ची, सगळं त्यांच्याच कोठारातून गेलं होतं. पडद्यावरचे नट वेगळे होते; रंगमंचावर सरदाराच्या बायकोचं काम त्यांची मुलगी करायची. या क्षणीही ती तेच करत होती.

"खुर्ची काय भाव खाऊन जाते हो काका!" शेजारची बाई कुजबुजली. ती चित्रपटाच्या कलाविभागातली. "नटापेक्षा छान दिसतेय."

"खुर्चीला पॉलिश मी करतो. नटाला कोण करतं?"

पाच वाजायला दहा मिनिटं असताना तिसऱ्या अंकातला तो प्रवेश आला. बायकोबद्दल कान भरले गेलेला सरदार एकटाच बसतो आणि कमरेचा खंजीर काढतो. संहितेत पुढे 'खंजीर टेबलावर ठेवतो' एवढंच आहे. पडद्यावरच्या नटानं तो टोकावर रोवून ठेवला. खंजीर लाकडात उभा राहिला. कॅमेरा मुठीजवळ गेला. मूठ कोरी होती.

काका पुढे सरकले.

कोठारात दिसायला अगदी सारखे दोन खंजीर होते. एकाचं पातं दाबलं की स्प्रिंगवर मुठीत जायचं. प्रयोगात तोच वापरायचे. दुसरा भरीव पोलादाचा, जाहिरातीच्या फोटोंपुरता. ओळख म्हणून काकांनी भरीव खंजिराच्या मुठीला लाल धाग्याचे सात वेढे दिले होते. नियमही त्यांचाच. धागा बघायचा, पातं दाबून बघायचं नाही, स्प्रिंग सैल होते. "दाबून बघणाराची बोटं दाबीन," असं ते प्रत्येक नव्या नटाला सांगत. पडद्यावर उभा होता तो भरीव खंजीर, आणि त्याला धागा नव्हता.

"याचा धागा कुठाय?"

"कापला. कॅमेऱ्यात लाल रेघ दिसत होती. परत पाठवताना बांधायचा होता..." ती त्यांच्याकडे वळली. "राहिला का?"

खंजिरांची पेटी सोमवारी परत आली होती. दोन खंजीर, वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळलेले. वरचं फडकं काकांनी सोडलं, मुठीला धागा नाही हे पाहिलं, खंजीर विंगेतल्या टेबलावर ठेवला. खालचं फडकं सोडलंच नाही. पेटीला कुलूप लावलं. किल्ली आत्ता त्यांच्या खिशात होती.

ते उठले नाहीत. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन प्रयोग झालेत, त्यांनी स्वतःला सांगितलं. तीनही दिवस पोरगी सरदाराच्या हातून मेली, उठली, प्रेक्षकांना नमस्कार करून घरी आली, जेवली. म्हणजे टेबलावरचा खंजीर बरोबरच आहे. हिशेब चोख होता. पडद्यावर दासी गेली, बायकोनं दिवा मंद केला, सरदार आत आला. तरी काका हिशेब पुन्हा मांडत राहिले. पाच वाजून तीन मिनिटांनी पडद्यावरची बाई पलंगावर कोसळली, आणि ते रांगेतल्या माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत दाराकडे निघाले.

मध्यंतराची पंधरा मिनिटं. तेवढंच नाटक मागे होतं.

कलाविभागातली बाई फोन लावत मागून आली. मुलीचा फोन बंद होता, कारण पडदा उघडण्याआधी सगळ्यांचे फोन बंद करून एका परातीत गोळा होत. तिकीटखिडकीचा नुसताच वाजत होता. रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबलेला. काका पायीच निघाले. वय एकसष्ट, उजवा गुडघा सुजलेला. पळता येत नव्हतं, म्हणून ते भराभर चालले, आणि चालता चालता संहिता त्यांच्या डोक्यात आपोआप पुढे सरकू लागली. औषधाच्या दुकानाशी सरदार एकटा बसला. सायकलवाल्याशी टक्कर झाली तेव्हा दासी निरोप घेत होती. पुलावर मुलीनं केस सोडले. "चार वाक्यं उरली," ते मोठ्यानं म्हणाले. समोरून येणाऱ्या बाईनं आपल्या लेकराला जवळ ओढलं.

मागच्या दाराशी दरवान स्टुलावर बसला होता. "काय काका, सिनेमा पडला वाटतं!"

ते त्याला ढकलून आत गेले.

विंगेतून दिसलं ते असं. मुलगी पलंगावर गुडघ्यांवर बसलेली, शेवटचं वाक्य बोलत. सरदार तिच्यासमोर, हात खांद्याच्या वर. काका चप्पल आणि चौकटीच्या शर्टात उजेडात शिरले. प्रेक्षकांत कोणी तरी हसलं. त्यांनी नटाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोड."

"काका, अहो..."

"सोड म्हणतो ना!"

पडदा पडला. नाटकाच्या दिग्दर्शक बाई धावत आल्या. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? साडेतीनशे लोक बसलेत!"

काकांनी खंजिराचं टोक पलंगाच्या कडेवर टेकवलं आणि दाबलं. पातं आत गेलं नाही. त्यांनी सगळं वजन टाकलं. टोक लाकडात बोटभर रुतलं.

नट खाली बसला. "मला वाटलं, स्प्रिंग जाम झालीय," तो म्हणाला. "मंगळवारी टोक टेकताच ही दचकली. मी हात तिथंच आवरला. मग रोजच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला? तुमच्या वस्तूत खोट आहे, असं तुम्हाला सांगायची इथं कुणाची छाती आहे?"

दिग्दर्शक बाईंचा चेहरा उतरला होता. "मध्यंतरात मीच याला झापलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, खून करतोयस की मलम लावतोयस? आज जोर लाव. जाम असेल तर सुटेल."

"लावणार होतो," नट म्हणाला.

मुलीनं झग्याच्या उसवलेल्या शिवणीतून डाव्या बरगडीखाली बोट टेकवलं. "इथं ओरखडा आहे. आई विचारत होती. मी म्हटलं, पिन लागली." ती वडिलांकडे बघत होती. "बाबा, मंगळवारी तुम्ही विंगेत होता ना?"

"होतो."

"बघत होता?"

"बघत होतो."

"घरी जाताना म्हणालात, आज मरण अगदी खरं वाटलं."

पडद्यापलीकडे प्रेक्षकांनी आधी तुरळक, मग एका ठेक्यात टाळ्या सुरू केल्या होत्या. काकांनी खंजीर लाकडातून उपसायला हात घातला. तो निघेना. नट मदतीला उठला, पण मुठीपाशी येऊन थांबला आणि हात मागे घेतला.