नमिताच्या गाडीची तपासणी

नमिता पायांवर होती तेव्हा रिक्षावाल्यांशी भांडून कंटाळली की वर्सोवा कोळीवाड्यातून सातबंगल्यापर्यंत तणतणत चालत जायची. अपघातानंतर कुठेही जायचं म्हटलं की मोठा भाऊ अल्पेश लागायचा. अपघाताच्या रात्री मोटारसायकल अल्पेशच चालवत होता. चुलतभावाच्या हळदीहून दोघं परतत होते आणि लिंक रोडवर मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर चाक घसरलं. अल्पेशला खरचटलं. नमिताच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं.

त्यावरून नमिता त्याला कधी एक शब्द बोलली नाही. आई सखुबाईही बोलली नाही. कोणीतरी बोलावं असं अल्पेशला वाटायचं, पण घरात तो विषयच निघत नसे. मग तो आपल्या परीने फेडत राहिला. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं काम त्याने दुपारवर ढकललं. सकाळी नमिताला उचलून मित्राच्या गाडीत बसवायचं, चकाल्याला तिच्या विमा कंपनीच्या ऑफिसात सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. आई लग्नाचं बोलली की म्हणायचा, मग नमीचं कोण करणार? हळूहळू वाड्यातली माणसंही म्हणू लागली, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की त्याला रात्री झोप बरी लागायची.

म्हणून नमिताने स्वतः गाडी चालवायचं मनावर घेतलं तेव्हा त्याने तोंडभरून होकार दिला. तिने साठवलेल्या पगारातून जुनी, गिअर नसलेली गाडी घेतली. जोगेश्वरीला निलेश नावाचा एकजण अशा गाड्यांना डाव्या हाताने चालवायचा लिव्हर बसवून द्यायचा. लिव्हर ढकलला की ब्रेक, ओढला की गाडी पुढे. निलेशच्याच शिकवणीच्या गाडीवर नमिता शिकली आणि चांगली शिकली. पण तिच्या स्वतःच्या गाडीत असा बदल केल्यावर ती तशीच रस्त्यावर काढता येत नव्हती. आरटीओच्या इन्स्पेक्टरने बदल तपासायचा, गाडी जिच्यासाठी आहे तिने ती आवारात चालवून दाखवायची, आणि मंजुरी मिळाली की आरसीवर नोंद.

गाडी ताब्यात देताना निलेशने अल्पेशला स्पष्ट सांगितलं होतं की सीटबरोबर सरकणारा हा लिव्हर अंदाजाने बसवलाय. नमिता सीट बरीच पुढे घेऊन बसते. तिला एकदा गाडीत बसवून घेऊन ये, रॉड तिच्या मापाने कापून देतो, त्याशिवाय तपासणीला नेऊ नकोस. अल्पेशने घराजवळ गाडी लावली, सीट पुढे ओढली आणि स्वतः लिव्हर ढकलून पाहिला. तो स्टिअरिंगखालच्या कव्हरला जाऊन अडत होता. ब्रेक अर्धाच लागत होता.

इंजिनांत हात घालणाऱ्या माणसाला याहून जास्त काही कळायची गरज नव्हती. तरी त्याने नमिताला सांगितलं की निलेश गावाला गेलाय, तपासणीची तारीख मिळालीच आहे तर जाऊन येऊ. का सांगितलं, हे त्याने स्वतःलाही नीट विचारलं नाही. इन्स्पेक्टर लिव्हर हलवून बघतील, परत या म्हणतील, महिना-दोन महिने जातील. तेवढे महिने तिला सकाळी आपली वाट बघावी लागेल. एवढंच त्याच्या मनात होतं.

तपासणीला वनमाला नावाच्या इन्स्पेक्टर होत्या. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, नटबोल्ट पाहिले, लिव्हर एकदा हलवला. तेव्हा सीट मागे होती, कारण गाडी तिथवर अल्पेशने आणली होती. मग त्यांनी नमिताला बसायला सांगितलं. अल्पेशने तिला उचलून सीटवर ठेवलं आणि सीट पुढे सरकवली. भिंतीपर्यंत जाऊन ब्रेक लावून दाखवा, असं मॅडम म्हणाल्या. आता बोलायला हवं होतं. तो बोलला ते एवढंच, "हळू चालव गं."

नमिताने छान सुरुवात केली. शेवटाला तिने लिव्हर ढकलला, गाडी मंदावली, पण थांबली नाही. भिंतीपाशी रचून ठेवलेल्या जुन्या टायरांवर जाऊन आदळली. नमिताचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. अल्पेश धावला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर लिंक रोड होता. ती डोळे उघडून त्याच्याकडे बघत होती, त्या रात्रीसारखीच, काय झालं ते न कळून.

टेंगूळ आलं, त्यापलीकडे काही नाही. मॅडमनी ब्रेक पूर्ण लागत नसल्याचं सांगितलं, फिटिंग तपासून घेऊन या म्हणाल्या आणि मंजुरी नाकारली. नमिताने त्यातलं अर्धंच ऐकलं. माझ्याच हातात जोर नाही हो मॅडम, असं ती दोनदा म्हणाली. अल्पेश बाजूला उभा होता.

त्यानंतर ती भरलेले पाण्याचे कॅन उचलायला लागली. दाराच्या चौकटीला डावा हात लावून ढकलत बसायची, खांदा सुजेपर्यंत. ऑफिसला जाताना पूर्वी ती रस्त्यातल्या प्रत्येकाला नावं ठेवायची, आता खिडकीबाहेर बघत गप्प राहायची. अल्पेशला हवे होते तसे दिवस त्याला मिळाले होते आणि तो जेवताना ताटावरून अर्ध्यात उठू लागला होता.

एका संध्याकाळी सखुबाई बाजारातून येऊन मासळीच्या पाट्या धूत होती. नमिताने तिला सांगितलं की गाडी विकून टाकायची. आई म्हणाली, एवढ्यानं काय हार मानतेस? नमिता म्हणाली, "टायरांच्या जागी कोणाचं पोर असतं तर? मी मारलं असतं ना त्याला? मला नाही जगता येणार असं काही घेऊन."

अल्पेश आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला आणि तिच्या चाकाच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "लिव्हर कव्हरला अडत होता. मला आधीच माहीत होतं. निलेश गावाला गेलाच नव्हता."

नळ तसाच वाहत राहिला. आईने हातातली पाटी खाली ठेवली.

नमिताने विचारलं, "घाबरलास का, मी कुठे धडकेन म्हणून?"

इथे हो म्हणणं सोपं होतं आणि ते जवळजवळ त्याच्या तोंडावर आलंही. "नाही," तो म्हणाला. "तू एकटी जायला लागलीस तर मी काय करायचं, ते मला कळत नव्हतं. तुला नेत-आणत असलो की जरा बरं वाटतं. त्या रात्रीचं."

"तुला बरं वाटावं म्हणून मी खुर्चीत बसून राहायचं?"

अल्पेशने उठून नळ बंद केला.

"दादूस, मोटारसायकल घसरली, ते मी कधीच सोडून दिलं," नमिता म्हणाली. "तो पत्रा होता. तू मुद्दाम नव्हतं केलंस. पण हे तू मुद्दाम केलंस. अर्ध्या ब्रेकवर बसवलंस मला आणि बघत उभा राहिलास. हे मी नाही सोडणार इतक्यात."

दुसऱ्या दिवसापासून तिला न्यायला ऑफिसातली मैत्रीण श्रुतिका येऊ लागली. निलेशकडे नमिता तिच्याबरोबरच गेली. त्याने तिला बसवून माप घेतलं, रॉड कापला, कव्हरची कडा घासली. दुसऱ्या तपासणीला अल्पेशला कोणी ये म्हटलं नाही. तो बंदरावर एका बोटीच्या इंजिनापाशी बसून होता. मंजुरी मिळाल्याचं त्याला आईने फोनवर कळवलं. आवाजात आनंद होता, पण त्याच्याशी बोलताना तिने तो आवरून धरला होता, हेही त्याला कळलं. त्याने इंजिनाचं झाकण बसवलं, मग एक वायसर बाहेरच राहिल्याचं दिसलं म्हणून परत उघडलं.

नमिता आता स्वतः ऑफिसला जाते. सुरुवातीला खुर्ची आणि सीटमध्ये टाकलेल्या सरकफळीवरून गाडीत शिरताना तिला घाम फुटायचा, आता सवय झाली. खुर्ची गल्लीतलं कोणीही मागे ठेवून देतं. अल्पेश सकाळपासून बंदरावर असतो. कामं वाढली आहेत. घरात दोघं बोलतात, आईच्या गुडघ्यांबद्दल, पापलेटच्या भावाबद्दल, पाणी येण्याबद्दल.

गेल्या आठवड्यात, तो बंदरावर निघायच्या आधी, गल्लीत कोणी नव्हतं तेव्हा तिने गाडीच्या खिडकीतून त्याला हाक मारली. तो चहाचा कप ठेवून गेला, खुर्ची मिटली, मागच्या सीटवर ठेवली. नंतर तो उगाचच गाडीपाशी घुटमळला. ती काही म्हणेल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "मागचं दार नीट लागलं नाही बघ."

त्याने दार पुन्हा उघडून घट्ट लावलं. नमिताने आरशात पाहिलं, लिव्हर ओढला आणि गाडी गल्लीबाहेर काढली.