पाहुणे जेवले का?

इतिहासाच्या नव्या बाईंना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. त्यांच्या आधीच्या सरांनी वर्षानुवर्षं मुलांकडून राजे आणि सनावळ्या घोकून घेतल्या होत्या. मुलं घोकायची, परीक्षेत ओकायची आणि विसरून जायची. सगळं कसं सुखात चाललं होतं. नव्या बाई आल्या त्या काखेत जगाचा नकाशा मारूनच. म्हणाल्या, आपण जगाचा इतिहास शिकायचा आणि सुरुवात करायची ती देव एकच आहे असं मानणाऱ्या तीन मोठ्या धर्मांपासून. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम. कुठे जन्मले, कसे वाढले, जगभर कसे पसरले.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मूळच्या गणिताच्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे लक्षण बरं नसतं, हे शिपायालाही माहीत होतं.

"अहो, राजे काय वाईट होते? मेलेले आहेत, तक्रार करत नाहीत. धर्म म्हणजे विस्तवाशी खेळ."

"मुलांना आवडेल, बाई. एकदा करून तर बघू द्या."

"बघा करून. पण वर्गात धर्मावरून एक भांडण झालं ना, तर त्याच दिवशी हा प्रकार बंद. पुन्हा राजे आणि सनावळ्या. कळलं?"

कळलं होतं. घरी येऊन नव्या बाईंनी वडिलांना सांगितलं. वडील शिंपी, घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. त्यांनी शिवणयंत्रावरचा पाय थांबवला आणि लेकीकडे नीट पाहिलं.

"नोकरी टिकेल ना गं?"

"नोकरी टिकेल हो. हा विषय टिकला पाहिजे! याच्यासाठी तर मी इतिहास घेतला होता, बाबा. राजांसाठी नाही."

ती लहानपणी कात्रणांच्या ढिगावर बसून भूगोलाची पुस्तकं वाचायची तेव्हाचाच हा आवाज होता. वडिलांनी जास्त वाद घातला नाही. अस्तराच्या कापडाच्या तीन लांबलचक पट्ट्या फाडून दिल्या, वर टाचण्यांची डबी दिली. "कापड एकाच ठाणातलं आहे," एवढंच म्हणाले, "रंग उडाला तर तिन्हींचा सारखाच उडेल."

बाईंनी वर्गात चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. पहिल्या गटाला ज्यू, दुसऱ्याला ख्रिस्ती, तिसऱ्याला इस्लाम आणि प्रत्येकाला एक पट्टी. पट्टीवर त्या धर्माची कहाणी मांडायची, तो धर्म ज्याला आपला मूळपुरुष मानतो त्याच्यापासून आजपर्यंत. एक नियम असा, की कोणाचाही चेहरा काढायचा नाही. "काही घरांत पूज्य माणसांची चित्रं काढत नाहीत, त्यामुळे आपण सगळ्यांनीच नाही काढायची. माणसाऐवजी त्याची वस्तू काढा." दुसरा नियम असा, की आपली पट्टी दुसऱ्या गटाला दाखवायची नाही. एक गट वर्गात, एक प्रयोगशाळेत, एक वाचनालयात. भांडण नको म्हणून ही काळजी, असं त्या सगळ्यांना सांगत. खरं कारण निराळंच होतं. तिन्ही पट्ट्या शेजारीशेजारी लागल्या की आपण पुढे व्हायचं आणि मुलांना चकित करायचं, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी झकास भाषण तयार होतं. आरशासमोर म्हणून झालं होतं, हातवाऱ्यांसकट.

पण आपण कोणत्या शाळेत आहोत, हे त्या विसरल्या. या शाळेत मोठ्या बाईंच्या राज्यात नक्कल हे सगळ्यांत मोठं पाप होतं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्याला भोपळा मिळायचा, डोकावू देणाऱ्यालाही भोपळा मिळायचा. इथली मुलं लिहितानासुद्धा कोपराची भिंत करून बसत.

पट्ट्या लावायचा दिवस उजाडला. वर्ग नुसता फुरफुरत होता. बाकं मागे सारली, टाचण्या वाटल्या, गुंडाळ्या भिंतीला लावून तिन्ही गटांनी एकदमच सोडल्या. सळसळ करत कापडं उलगडली.

पहिल्या पट्टीच्या टोकाला तंबू होता. दुसऱ्या पट्टीच्या टोकाला तंबू होता. तिसरीच्याही टोकाला तंबूच!

मग पहिल्या गटातली वकील, म्हणजे जिच्याशी वाद घालायला शिक्षकही कचरत ती मुलगी, बाकावरच चढली.

"नक्कल! आमचा तंबू चोरला!"

"तुमचा?" दुसऱ्या गटातला जिराफ म्हणजे तिच्याइतकं उंच व्हायला बाकावर चढायची गरज नसलेला मुलगा. "आमचा म्हातारा पहिल्या दिवसापासून तंबूत राहतोय!"

"म्हातारासुद्धा आमचाच! बापाचं घर सोडून निघाला, एकाच देवाला मानलं, दारात पाहुणे आले तर धावत सामोरा गेला. सगळं उचललंय! आणि नाव बघा, अब्राहम. नावसुद्धा बदलायचे कष्ट घेतले नाहीत!"

"यांनी घेतलेत," जिराफानं तिसऱ्या पट्टीकडे बोट केलं. "इब्राहिम लिहिलंय. घर सोडणं तेच, तंबू तोच, पाहुणे तेच. चोरी पचावी म्हणून नाव बदललं!"

तिसऱ्या गटातली चष्मेवाली सहसा तोंड उघडत नसे. आता तिचा चष्माही रागानं थरथरत होता. "आम्ही वाचनालयात पुस्तकं वाचवाचून शोधलाय त्याला! तुमच्या पट्टीचं तोंडही पाहिलं नाही!"

मग जो काही गलका उडाला! कोणी टाचण्या सांडल्या, कोणी पुरावा म्हणून पुस्तकं आपटली. नव्या बाईंनी दाराकडे पाहिलं. पुढचा तास गणिताचा, म्हणजे मोठ्या बाई वऱ्हांड्यात पोचल्याच असणार. भाषण जिभेवर तयार होतं. एक वाक्य टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं.

त्यांनी तोंड उघडलं आणि मुलांकडे पाहिलं. राजांच्या तासाला जांभया देणारी हीच मुलं हजारो वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्यासाठी घसा फोडून भांडत होती. त्याच्या दाराशी कोण आलं, त्याला काय दिलं, सगळं तोंडपाठ. हे त्यांच्या हातातून काढून घ्यायचं? बाईंनी तोंड मिटलं. फार जड गेलं, पण मिटलं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या.

"भांडण कशावरून?"

"नक्कल!" सगळा वर्ग एकदम ओरडला.

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. गवयाला तंबोरा दिसावा तशी. नक्कल पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि त्यांची रीतही ठरलेली होती. संशयितांना पाठमोरं उभं करायचं, गणिताच्या पोटातलं काहीतरी विचारायचं आणि प्रत्येकाला वेगळ्या कागदावर उत्तर लिहायला लावायचं. ज्यानं स्वतः सोडवलं असेल त्याला मधल्या पायऱ्या येतात. चोराला फक्त शेवट येतो.

"तिघं पुढे या. पाठी जोडून उभे राहा. कागद घ्या." त्यांनी पट्ट्यांवरून नजर फिरवली. त्यांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, हे त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "हा म्हातारा, हे पाहुणे. यानं त्यांच्यापुढे जेवण ठेवलं?"

"ठेवलं!" तिघंही म्हणाले. "वासराचं मांस!"

"बरं. मग लिहा. पाहुणे जेवले का?"

नव्या बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. विचारण्यासारखं इतकं होतं, आणि मोठ्या बाईंनी नेमकं हेच विचारावं!

खरखर लिहिण्याचा आवाज झाला. "दाखवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

वकिलाच्या कागदावर होतं, 'जेवले.' जिराफाच्या कागदावरही, 'जेवले.' चष्मेवालीनं लिहिलं होतं, 'जेवणाला हात लावला नाही.'

"हात लावला नाही?" वकील गर्रकन वळली. "एवढं करून वाढलं आणि जेवले नाहीत?"

"नाही जेवले. आमच्यात म्हातारा त्यामुळे घाबरतो."

"सरळ आहे," मोठ्या बाईंनी निकाल दिला. "हिनं नक्कल केलेली नाही. केली असती तर पाहुणे तिच्याकडेही जेवले असते." त्या जिराफाकडे वळल्या. "तुमचं दोघांचं मात्र तंतोतंत जुळतंय. बोल."

जिराफ लालबुंद झाला. "बाई, आम्ही यांच्या पट्टीतून नाही घेतलं. आमच्या धर्माच्या लोकांनीच..." तो अडखळला आणि मग त्याचे डोळे मोठे झाले. "आमच्या लोकांनी यांचा जुना ग्रंथ आपला मानला! येशू स्वतः ज्यू घरात जन्मला होता. ते पुस्तक आधी यांचंच आहे. मग गोष्ट जुळणारच ना!"

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. खरं तर टाचण्या पडलेल्याच होत्या.

"म्हणजे," चष्मेवाली हळूच म्हणाली, "म्हातारा एकच आहे?"

आणि वर्ग फुटला! मघाशी भांडणारी मुलं आता एकमेकांच्या पट्ट्यांवर तुटून पडली. "तुमच्याकडे मोशे आहे? आमच्याकडे मूसा! त्यानंही समुद्र दुभंगवून लोकांना पार नेलं!" "मरिया? आमच्या पट्टीवर मरियम आहे, हे बघ, खजुराचं झाड!" "ए, तुमच्याकडे येशू कसा?" "आमच्याकडे तो ईसा, पैगंबर आहे." "आमच्याकडे देवाचा पुत्र!" "आमच्याकडे दोन्ही नाही." "थांब थांब, इथून फुटलं बघ! हा म्हातारा, त्याचे दोन मुलगे. तुमची वाट इसहाककडून, आमची इस्माईलकडून!" कोणीतरी तिन्ही पट्ट्यांची टोकं भिंतीवरून सोडवली, एकावर एक ठेवली आणि एकाच टाचणीत खोचली. वर एक तंबू राहिला, खाली तीन वाटा पसरल्या. नव्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानंच आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. आपल्या भाषणात यातलं अर्धंसुद्धा नव्हतं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

मोठ्या बाई जवळ आल्या. "भांडण झालं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"झालं, बाई," नव्या बाई म्हणाल्या.

"मी काय म्हटलं होतं?"

"धर्मावरून भांडण झालं तर विषय बंद."

"हं." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "हे नकलेवरून होतं. नक्कल माझ्या खात्यात येते, तुमच्या नाही."

तेवढ्यात घंटा झाली. गणिताचा तास. मुलांचे चेहरे खर्रकन उतरले. सवयीनं दप्तरं उघडली गेली. मोठ्या बाई फळ्याकडे निघाल्या, अर्ध्या वाटेत थांबल्या, वळल्या आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बाक त्यांना जरा आखूडच पडला.

"वह्या मिटा," त्या म्हणाल्या. "गणित उद्या. भरल्या ताटाला हात लावला नाही, म्हणजे काय? कारण कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

नव्या बाई पुढे झाल्या. त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला. अखेर भाषणाची वेळ आली होती.

"बाई, मी सांगू?" चष्मेवाली उभीसुद्धा राहिली होती. "अहो, ते पाहुणे माणसं नव्हतेच मुळी! देवदूत होते!"

"काय सांगतेस!" मोठ्या बाई बाकावर पुढे सरकल्या.

नव्या बाईंनी आपलं झकास भाषण हातवाऱ्यांसकट गिळून टाकलं आणि मुलांच्यात जाऊन बसल्या.