गोपालच्या जाळ्याचे मणी

तहसील कचेरीसमोर, चौकाच्या कडेला चिंचेच्या झाडाखाली रामाजी अर्जनवीसाचं टेबल होतं. टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली विटेचा तुकडा. वर जुना टाइपरायटर, शाईचा पॅड आणि वाऱ्यानं सारखे उडू पाहणारे कागद. एकोणतीस वर्षं तो तिथं बसून लोकांचे अर्ज लिहीत होता. बोलायला भित्रा आणि लिहायला पक्का, अशी त्याची गावात ओळख. खरं म्हणजे लिहितानाही तो कचरायचा. एखादं वाक्य टंकून झालं की ते तीनदा वाचायचा, आणि तिसऱ्यांदा वाचलं की त्याला ते खोटं वाटू लागायचं.

चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर सोमवारच्या बाजारात सुगंधाबाई मासे विकायला बसायची. तिचा मुलगा गोपाल तिच्या मागे बसून जाळं दुरुस्त करायचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, सतत कोणाची तरी थट्टा करणारा. गावामागच्या तलावात मासे धरणाऱ्या सगळ्या घरांनी फेकजाळ्याला शिशाच्या गोळ्या लावून टाकल्या होत्या. एका सुगंधाबाईच्या घरीच अजून तलावाच्या काळ्या मातीचे मणी वळत, मधोमध भोक पाडून चुलीत भाजत आणि जाळ्याच्या काठाला ओवत. शिसं लवकर बुडतं, पण आवाजानं मासा बुजतो, असं तिचं म्हणणं. लोक हसायचे. गोपालही हसायचा, पण मणी ओवायचा.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी शेजारच्या गावातल्या लोकांनी एका बाईचं प्रेत चौकात आणून ठेवलं. गवत कापायला गेली असता वाघानं तिला मारलं होतं. आठ महिन्यांतली ती चौथी. बारा वाजेपर्यंत रस्ता बंद झाला, एकपर्यंत पोलिसांच्या तीन गाड्या आल्या. कोणीतरी गाडीच्या काचेवर दगड मारला. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला आवाज झाला तेव्हा रामाजीला वाटलं, धानाच्या बांधीत, शेतात शिरलेली डुकरं हाकलायला कोणीतरी सुतळी बॉम्ब फोडला. धान लोंबीवर आला की या भागात दिवसभर फटाके फुटतात, कान सरावलेले असतात. सगळ्यांनाच तसं वाटलं, म्हणून कोणी जागचं हललं नाही. दुसऱ्या आवाजाला माणसं पळाली. रामाजीचे पाय मात्र उठेनात. त्यानं टाइपरायटर छातीशी धरला आणि तसाच बसून राहिला. तेव्हा समोरून गोपाल रस्ता ओलांडत येताना त्याला दिसला. खांद्याला मण्यांची थैली, दोन्ही हात मोकळे.

"ओ बाबा, उठा ना आता," तो ओरडला. "का मुहूर्त पायता?"

तिसरा आवाज झाला. रामाजीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा गोपाल रस्त्यावर आडवा होता आणि थैलीतले मणी डांबरावर घरंगळत गटाराकडे चालले होते.

त्या संध्याकाळी सगळं गाव सुगंधाबाईचं झालं. चौकातल्या चहावाल्या पोचूनं तिच्या घरी दूध पोचवलं. मोबाइलच्या दुकानवाल्या अमरनं रातोरात गोपालच्या फोटोचा भला मोठा फ्लेक्स करून चौकात लावला. एका लग्नातला फोटो होता, डोक्याला फेटा, त्यामुळे मेलेला पोरगा नवरदेवासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्चा निघाला. कधी घराबाहेर न पडणारे मास्तर आणि किराणावालेही त्यात चालले. माझ्याच घरचा गेला, असं जो तो म्हणत होता.

मोर्चा निघण्याआधी सुगंधाबाई दोन माणसांच्या आधारानं रामाजीच्या टेबलापाशी आली होती. काखेत गुंडाळलेलं जाळं. तिला अर्ज हवा होता, की माझ्या पोराच्या हातात काही नव्हतं. काय ओवत होता ते साहेबाला दाखवायला तिनं जाळं आणलं होतं. अर्ध्या काठाला मणी होते, अर्ध्याला नुसता दोर. रामाजीनं त्याकडे पाहिलं. आज लिहिलेला अर्ज कोण वाचणार, असं त्याला वाटलं. गाव तापलंय, साहेब तापलेत; तापलेल्या तव्यावर पाणी टाकलं तर नुसती वाफ. त्यानं तिला सांगितलं, चार दिवस थांब, जाळं घरी नीट ठेव, सगळं निवळलं की आपण रीतसर लिहू.

रीतसर लिहिण्याचा त्याला फार भरवसा होता.

त्याच दुपारी गावाचा तोल गेला. मोर्चातले की बाहेरचे, पण कोणीतरी एसटीची बस पेटवली. मग ओळीनं अकरा दुकानं जळाली. अमरचं तिसरं होतं. संचारबंदी लागली. चार दिवस गाव खिडक्यांच्या फटीतून एकमेकांकडे पाहत राहिलं, आणि बाहेर आलं तेव्हा ते दुसरंच गाव होतं.

"गेला तो गेला," अमर जळक्या शटरसमोर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "पण मले संगं घेऊन गेला."

कोणी त्याला दोष देईना. उलट लोक विचारू लागले, पोलिसांच्या गोळ्या सुटत असताना तो पोरगा रस्त्याच्या मधोमध काय करत होता? शहाणा माणूस घरी जातो. मग कोणाला आठवलं, तो तसा आगाऊच होता. पोलिसांनी दुकानं जाळल्याच्या गुन्ह्यात साठ अनोळखी इसम लिहून ठेवले होते, आणि अनोळखी या शब्दात कोणीही मावतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आठवडाभरात फ्लेक्स चौकातून गेला. पुढे रामाजीला तो एका खळ्यावर दिसला. कापलेल्या धानाच्या पुंजण्यावर, ढिगावर झाकला होता, दव लागू नये म्हणून. फोटोची बाजू खाली होती.

नवव्या दिवशी पोलिसांच्या कागदाची नक्कल रामाजीच्या हाती आली. मयताच्या थैलीत दगड मिळून आले, असं त्यात होतं. रामाजीनं ती ओळ तीनदा वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच तिसऱ्या वाचनानंतर दुसऱ्यानं लिहिलेलं वाक्य त्याला खोटं वाटलं आणि आपलं मनातलं खरं. तो स्वतः चालत मासेमारांच्या ढिवरमोहल्ल्यात सुगंधाबाईकडे गेला आणि म्हणाला, बाई, ते जाळं काढ. दगडाला कोणी भोक पाडत नाही. त्या जाळ्यावर अजून मणी आहेत, तेच दाखवू.

सुगंधाबाईनं जाळं आणून त्याच्यापुढे ठेवलं. काठाला एकही मणी नव्हता.

ढिवरांची जुनी रीत अशी की मासे धरणारा माणूस मेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या जाळ्याचा काठ कापायचा आणि मणी तलावात सोडायचे. तलावाची माती तलावाला. संचारबंदीतही पाच माणसांची परवानगी काढून मोहल्ल्यानं ते केलं होतं. त्यात कोणाचं काय चुकलं? तिला कोणी सांगितलं नव्हतं की हा पुरावा आहे. ज्यानं सांगायचं, त्यानं चार दिवस थांबायला सांगितलं होतं.

रामाजी त्या दिवशी जेवला नाही. बायकोनं विचारलं तर पोट बरं नाही म्हणाला.

त्यानं अर्ज लिहिला. साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं, खाली पोचूचं. पोचूनं सगळं पाहिलं होतं आणि पहिल्या दिवशी छाती ठोकून सांगितलंही होतं. दोन दिवसांनी तो गिऱ्हाईक नसताना हळूच आला.

"भाऊ, मायं नाव काढा."

रामाजीनं अर्ज पुढे ओढला.

"तुमचं काय, तुमी टेबल उचलान अन् घरी जान. मले रोज चौकातच भट्टी पेटवा लागते. अन् तुमीबी कायले मधात पडता? या वयात गोळी खाल का जेलची डाळ?" तो हसला, पण डोळे हसत नव्हते. जाताना चहाचा ग्लास ठेवून गेला. रामाजीनं नाव खोडलं. चहा तसाच निवला.

चौकशीचे साहेब जानेवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी जबाब घेणार, असं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं, काही वस्तू दाखवायची असल्यास सोबत आणावी. सुगंधाबाईनं ते रामाजीकडून दोनदा वाचून घेतलं. धानाला पाणी सोडून सोडून तलाव उतरला होता. मणी सोडले त्या जागी आता छातीइतकं पाणी होतं. तिनं मोहल्ल्यातल्या माणसांना बुडी मारायला सांगून पाहिलं होतं. कोणी तयार नव्हतं. मेलेल्याला दिलेलं परत घ्यायचं नसतं.

"काढू का, भाऊ?" तिनं विचारलं.

रामाजीला सांगता आलं असतं, नको. सांगता आलं असतं, माझ्या चुकीपायी तू तुझी माणसं तोडू नको. तो टाइपरायटरच्या पट्टीकडे पाहत म्हणाला, "काढले तर बरं होईल."

ती तीन दिवस दुपारच्या वेळी पाण्यात उतरली. पायानं गाळ चाचपायची, काही लागलं की डोकं बुडवून काढायची. तलावाच्या पाळीवर, बांधावर माणसं उभी राहून पाहत होती. कोणी आवाज दिला नाही, कोणी हातही दिला नाही. एकोणीस मणी सापडले. चौथ्या दिवसापासून मोहल्ल्यात तिच्याकडचं पाणी कोणी पिईना.

चौकशीचे साहेब सभ्य होते. दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. सुगंधाबाईनं फडक्याची गाठ सोडून मणी टेबलावर ठेवले. मणी लख्ख होते. साहेबापुढे चिखलाची वस्तू कशी न्यायची, म्हणून तिनं आदल्या दिवशी एकेक मणी राखेनं घासून, धुऊन, वाळवून आणला होता. भोकांतला गाळसुद्धा काडीनं काढला होता.

साहेबांनी एक मणी बोटांत फिरवला. हे कालच भाजल्यासारखे दिसतात, असं ते म्हणाले. रागानं नाही, एखाद्याचं वाईट वाटतं तसं. मूळ थैलीबद्दल विचारलं तेव्हा पोलिस ठाण्याच्या माणसानं सांगितलं, ती आगीच्या गडबडीत गहाळ झाली. मग साहेब रामाजीकडे वळले.

रामाजीनं घरून सगळं पाठ करून आणलं होतं. तो पोरगा मला उठवायला येत होता, त्याचे दोन्ही हात रिकामे होते, गोळी लागली तेव्हा तो माझ्यापासून दहा हातांवर होता. त्यानं ते सांगितलं.

"गोळी लागली तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं, हे तुम्ही पाहिलं?"

रामाजीला तो तिसरा आवाज आठवला. त्यानं डोळे मिटले होते. किती वेळ? एक श्वास, दोन श्वास? तेवढ्यात एखादा माणूस वाकून दगड उचलू शकतो का? नाही उचलू शकत. गोपाल तर नाहीच. पण पाहिलं का, असं विचारलं होतं. एकोणतीस वर्षं तो लोकांच्या अर्जाखाली लिहीत आला होता, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

"नव्हतं असं वाटतं," तो म्हणाला.

"वाटतं?"

"डोळे मिटले होते, साहेब. आवाजानं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांचं पेन कागदावर फिरताना रामाजीला ऐकू येत होतं. सुगंधाबाई मणी गोळा करू लागली.

परत येताना जीपमध्ये दोघं समोरासमोर बसली होती, मध्ये कोणाचं तरी पोतं. चौकात उतरल्यावर ती घरी गेली नाही. त्याच्या टेबलापाशी आली आणि चिंचेच्या मुळावर बसली. पोचूनं भट्टीवरून पाहिलं आणि मान फिरवली. अमरच्या दुकानाला नवं शटर लागलं होतं.

रामाजीला आता बोलायलाच हवं होतं. तो उभ्यानंच बोलला, तिच्याकडे न पाहता. तो माझ्यापायी मेला, बाई. मी वेळेवर उठलो असतो तर तो रस्त्यावर आला नसता. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.

सुगंधाबाई फडक्याच्या गाठीशी बोटं चाळवत राहिली.

"मले मालूम आहे, भाऊ," ती म्हणाली. "मीच धाडलं त्याले. म्हणलं, म्हातारा एकटाच बसून आहे, जा, त्याचं टेबल उचलू लाग."

रामाजी खुर्चीवर बसला.

"तो म्हणे, माय, हातातले हे दोन मणी ओवून जातो. मी म्हणलं, आधी जा."

चौकातून एक ट्रॅक्टर गेला, धानाची पोती घेऊन. तो जाईपर्यंत दोघं थांबली. मग तिनं फडकं त्याच्यापुढे ठेवलं. मणी परत तलावात सोडता येत नव्हते. एकदा काढलेले दुसऱ्यांदा सोडायचे नाहीत, असं मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी ठरवलं होतं. घरी ठेवले तर तिला दिसत राहिले असते. तुमीच ठेवा, म्हणाली, आणि उठली. तिच्या लुगड्याला मागे चिंचेची पानं चिकटली होती. सांगावं असं रामाजीला वाटलं, पण त्यानं सांगितलं नाही.

उन्हाळ्यात चौकशीचा निकाल आला. अर्ध्या पानाचा होता; थैलीत दगड होते, हेच त्यात कायम होतं. रामाजीनं तो एकदाच वाचला.

मणी त्याच्या टेबलावर आहेत. वारा सुटला की तो एकेका अर्जावर एकेक ठेवतो. नवीन माणूस विचारतो, बाबा, हे काय आहे? रामाजी सांगतो, मणी आहेत, जाळ्याचे. त्यापुढे कोणी विचारत नाही. कोणी विचारलंच, तर काय सांगायचं ते त्यानं लिहून ठेवलं आहे. पण अजून तिसऱ्यांदा वाचून पाहिलेलं नाही.